विकतचा पहिला नंबर

आपल्या मराठीत नंबर 'काढायचा' असतो. मुलगा वर्गात पहिला नंबर काढतो, मुलगी वक्तृत्वात दुसरा नंबर काढते, आणि त्यामागे पहाटे उठून केलेला अभ्यास असतो, आईने रात्री उशाशी आणून ठेवलेला दुधाचा पेला असतो. विहिरीतून पाणी काढावे तसा नंबर काढावा लागतो; तो वर येईपर्यंत हाताला घट्टे पडतात. म्हणून 'नंबर विकत घेणे' हा शब्दप्रयोग आम्हां मास्तरांच्या कानाला जरा खटकतो. पण कानाला खटकले म्हणून जगाचा व्यवहार थांबत नाही. मोटारीचा पहिला नंबर हल्ली रीतसर विकत मिळतो आणि त्याची पावतीही मिळते.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस महाराष्ट्र सरकारने या नंबरांचे दर वाढवले. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा मोठ्या मागणीच्या ठिकाणी चारचाकीला ०००१ हा क्रमांक हवा असेल तर ४ लाखांऐवजी ६ लाख रुपये भरावे लागतील असे ठरले. चालू मालिकेतला एक नंबर आधीच गेला असेल आणि दुसऱ्या मालिकेतला हवा असेल, तर हाच आकडा १८ लाखांवर जातो. चंडीगडच्या एका गृहस्थांनी तर २०२२ साली १५ लाख ४४ हजार रुपयांची बोली लावून ०००१ मिळवला, आणि तो लावायचा होता सुमारे ७१ हजारांच्या स्कूटरला! पुढेमागे तो मोटारीला लावण्याचा त्यांचा बेत होता, हे खरे. तरीही चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही आपल्या आजीची म्हण त्या बिचाऱ्या स्कूटरपुढे फारच काटकसरी वाटू लागते.

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. इथे सरकारने मोलाचा तक्ताच छापून दिला आहे. अशा हौसेला हसणे सोपे आहे, आणि दिवाळीच्या दिवसांत थोडे हसायलाही हरकत नाही. पण हसून झाल्यावर एक प्रश्न मागे उरतो. चारचौघांत आपण वेगळे दिसावे, लाखो आकड्यांच्या गर्दीत आपला आकडा लोकांच्या ध्यानात राहावा, असे वाटणे हा दोष आहे काय? दोष म्हणावा तर तो कुणात नाही? बाळाचे नाव आपण बारा बारा पुस्तके चाळून ठेवतो ते त्याने गर्दीत हरवू नये म्हणूनच. भांड्यांवर नावे घालतो, दारावर पाटी लावतो, आणि लग्नपत्रिकेत आपले नाव 'आपले नम्र' या मथळ्याखाली असले तरी ते ठसठशीत छापले आहे ना, हे आधी पाहून घेतो. मग मोटारीच्या पाटीनेच काय घोडे मारले आहे?

याचे उत्तर शोधायचे तर ही पाटी मुळात आली कशासाठी, ते पाहिले पाहिजे. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली मोटारींना पाट्या लावायला सांगितल्या. इंग्लंडात १९०३ चा मोटार कायदा झाला आणि १ जानेवारी १९०४ पासून तिथल्या प्रत्येक मोटारीला नंबर आला. घोड्याच्या टांग्यातला माणूस धक्का देऊन पळाला तरी फार लांब पळत नसे. गाव त्याला ओळखत असे. मोटार मात्र क्षणात आली आणि क्षणात गेली, आत कोण होते ते कळलेच नाही, अशी नवी स्थिती निर्माण झाली. तेव्हा रस्त्यावरच्या पायी चालणाऱ्या माणसाच्या हाती काहीतरी असावे म्हणून हा नंबर आला. मोटारीला दोन पाट्या असतात, पण मालक मोटारीत बसला की त्याला त्यांतली एकही दिसत नाही, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. पाटी असते मालकाच्या मोटारीवर, पण ती असते परक्यांसाठी.

गंमत अशी, की माणसाची हौसही त्याच दिवशी जन्माला आली. लंडनला 'ए-१' हा क्रमांक मिळाला तो अर्ल रसेल यांना; प्रसिद्ध तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे हे थोरले बंधू. त्यासाठी ते रात्रभर रांगेत उभे राहिले असे सांगतात. धाकट्या भावाने अहंकाराविषयी जगाला पुष्कळ शिकवले आणि थोरल्याने आपला एक नंबर पटकावला, अशी ही घरातल्या घरात झालेली वाटणी आहे. पण अर्लसाहेबांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ते सांगणे खरे असेल, तर एवढा मोठा उमराव एका आकड्यासाठी रांगेत उभा राहिला. आमच्या शाळेच्या भाषेत सांगायचे, तर त्याने नंबर काढला.

पुढे ही हौस देशोदेशी वेगवेगळे वेष घेऊन हिंडू लागली. चिनी उच्चारात आठाचा आकडा भरभराटीच्या जवळ जातो आणि चाराचा मरणाच्या, म्हणून हाँगकाँगात आठाला भाव आणि चाराला नकार. जपानात ४२ आणि ४९ या आकड्यांनी शेवट होणारे नंबर सहसा देतच नाहीत, कारण त्यांच्या उच्चारातही मरण आणि यातना ऐकू येतात. आयर्लंडात पाटीवर वर्षाचे शेवटचे दोन आकडे असत. २०१३ साल आले तेव्हा तेराच्या भीतीने मोटारी खपणार नाहीत या धास्तीने वर्षाचे दोन भाग करून १३१ आणि १३२ असे आकडे दिले गेले. दुबईत २०२३ साली 'पी ७' ही पाटी ५ कोटी ५० लाख दिरहमांना विकली गेली. ते पैसे भुकेल्यांच्या अन्नासाठी होते, म्हणजे तिथे निदान अहंकाराने अन्नछत्र तरी चालवले. जर्मनीत मात्र साधारण दहा युरोंत आपल्या पसंतीची अक्षरे नि आकडे मिळतात. तिथे हजारो लोक आपली आद्याक्षरे आणि जन्मतारीख लावून हिंडतात आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही. वस्तू स्वस्त झाली की तिच्यातला मान उडून जातो आणि माया तेवढी उरते, असे तर नसेल?

ही माया आपल्याकडेही आहे. मोटारवाल्यांना नंबराविषयी विचारले की ते मोकळेपणाने बोलतात, हा माझा अनुभव आहे. कुणाला अंकशास्त्र्याने बेरीज नऊ करायला सांगितलेली असते. कुणी मुलीची जन्मतारीख लावतो आणि मुलगी मोठी झाली की तीच तारीख लग्नाच्या बाजारात लपवायची कशी, या काळजीत पडतो. कुणी म्हणतो, 'लक्षात राहायला सोपा म्हणून घेतला,' आणि हे म्हणताना कुणाच्या लक्षात राहायला, ते सांगत नाही. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी गेल्या वर्षी थोडी फी भरून अगदी सामान्य दिसणारा एक नंबर घेतला. ना त्यात जोडी, ना चढती भाजणी. त्यांच्या वडिलांच्या जुन्या स्कूटरचे ते चार आकडे होते. त्या स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभे राहून बाई लहानपणी शाळेला जात. 'गाडी मागे घेताना तो नंबर काचेत उलटा दिसला तरी बाबा आहेतसं वाटतं,' असे त्या म्हणाल्या. या हौसेला जो हसेल त्याच्याशी माझे जमणार नाही.

तेव्हा हौस वाईट नाही, वेगळेपणही वाईट नाही. मग वाईट काय आहे? ते सांगण्यासाठी मला 'दादा'कडे वळले पाहिजे.

४१४१ हा नंबर आपल्याकडे फार लाडका. इंग्रजी चाराचा आकडा जरा वळवला की त्याचा 'द' होतो, आणि एकाचा काना तर आयताच असतो, झाले 'दादा'. २१४ चा असाच 'राम' होतो. ८०५५ चे इंग्रजी अक्षरांत 'बॉस' होते. मूळ नंबर कायद्याने मिळालेला असतो, फी भरलेली असते. फक्त रंगाऱ्याच्या हातून आकड्याचे अक्षर होते. नियमाला अर्थातच हे मान्य नाही. पाटीवरची अक्षरे नि आकडे साधे, स्पष्ट आणि ठरल्या मापाचे असले पाहिजेत, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. पण रस्त्यावर कित्येक वर्षे दादाच राज्य करत होता.

आमच्या शाळेचे शिपाई एका संध्याकाळी सायकलवरून घरी चालले होते. मागून मोटार आली, धडक देऊन निघून गेली. मांडीचे हाड मोडले. रस्त्यावर माणसे होती, चारपाच जणांनी मोटार पाहिली होती. नंबर काय, असे विचारल्यावर एक म्हणाला, 'दादा.' दुसरा म्हणाला, 'पांढरी गाडी होती, मागे दादा होतं.' तिसऱ्यालाही दादाच आठवत होता. त्याच्या आधीची अक्षरे बारीक काढली होती, ती कुणी वाचली नव्हती. नंबरांच्या दर मालिकेत एक ४१४१ असतो, आणि अशा मालिका एकेका जिल्ह्यात कितीतरी होऊन गेलेल्या असतात. दादा पुष्कळ निघाले, त्यांतला तो कोणता हे मात्र शेवटपर्यंत कळले नाही. शिपाई तीन महिने खाटेवर होते. मी भेटायला गेलो तेव्हा ते रागाने काही बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, 'गुरुजी, दादा म्हणजे थोरला भाऊ ना? थोरला भाऊ असता तर थांबला असता.'

त्यांच्या त्या बोलण्यात मला माझ्या प्रश्नाचे उत्तर सापडते. आपल्या भाषेत 'ओळख असणे' आणि 'ओळख पटणे' हे दोन वेगळे प्रयोग आहेत. सगळ्या गावाने आपल्याला ओळखावे, नाक्यावर आपली मोटार दिसली की लोकांनी बाजूला सरावे, पोलिसाचा वर जाऊ लागलेला हात अर्ध्यावर थांबावा, ही झाली ओळख असणे. आणि चूक घडली, कुणाला लागले, तर 'तो मीच' हे सिद्ध व्हावे, ही झाली ओळख पटणे. पाटीवर 'दादा' रंगवणाऱ्याला पहिली हवी असते आणि दुसरी नको असते. पाटी ज्या परक्यांसाठी आली, त्यांच्या हातातून तो ती काढून घेतो आणि स्वतःच्या छातीवर पदकासारखी लावतो. दोष इथे आहे. वेगळे दिसण्यात दोष नाही. दिसायचे आणि सापडायचे नाही, यात आहे.

आणि न सापडणाऱ्याची किंमत कोण भरतो, हेही पाहण्यासारखे आहे. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ता लागला नाही, तर मेलेल्या माणसाच्या वारसांना सरकारी योजनेतून २ लाख रुपये मिळतात, आणि जबर जखमी झालेल्याला ५० हजार. १ एप्रिल २०२२ पासूनचा हा दर आहे. त्यापूर्वी तो २५ हजार आणि साडेबारा हजार होता. नंबर न दिसलेल्या मोटारीखाली गेलेल्या माणसाचे २ लाख, आणि ठळक दिसणाऱ्या एक नंबरचे ६ लाख. हे दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि मुलांना सांगितले की यावर एक उदाहरण तयार करा, तर कोणत्या मुलाला ते सुचेल? मला सुचलेले नाही.

मोठेपणाची खूण मोटारीवर लावण्याची आपली खोड जुनी आहे. पूर्वी लाल दिवा होता. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मोटारींवरून तो उतरला. इंग्लंडच्या राजाच्या राजेशाही मोटारीला तर नंबरच नसतो; राजाला जाब कोण विचारणार? आपल्याकडेही सर्वोच्च पदांवरील व्यक्तींच्या मोटारींवर नंबराऐवजी राजमुद्रा झळकत असे. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या मोटारींवरही नोंदणीचा क्रमांक दिसला पाहिजे असा निर्णय दिला. मला हा निर्णय फार आवडतो. नंबर असणे हा कमीपणा नव्हे. ते लोकशाहीतले आपले हजेरीपटावरचे नाव आहे. मी वर्गात हजेरी घेतो तेव्हा सरपंचाचा मुलगाही आपला क्रमांक आला की 'हजर' म्हणतो आणि मोलकरणीचा मुलगाही म्हणतो. 'हजर' या शब्दात दोन्ही अर्थ आहेत: मी आहे, आणि मला विचारा.

हा दुसरा अर्थ पाळणारे एक नंबरवालेही असतात, आणि त्यांच्याविषयी न्यायाने बोलले पाहिजे. आमच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील एका कंत्राटदाराच्या मोटारीवर ड्रायव्हर आहेत. त्या मोटारीचा नंबर ०००१, साधा, सरळ, नियमाप्रमाणे काढलेला. मी सहज विचारले, 'एक नंबरची गाडी चालवायला मजा येत असेल?' ते हसून म्हणाले, 'कसली मजा, गुरुजी! ही गाडी चालवणं म्हणजे नव्या सुनेनं सासरी वावरणं. साऱ्या गावाचे डोळे हिच्यावर. जरा सिग्नल चुकला की मी घरी पोचायच्या आत साहेबांना तीन फोन. दुसऱ्या गाडीवर होतो तेव्हा एवढं जपून कधी चालवलं नव्हतं.'

म्हणजे हाच आकडा एकाच्या हाती दांडगाई होतो आणि दुसऱ्याच्या हाती लगाम. लक्षात राहणारा नंबर घेणे हे खरे पाहता परक्यांना दिलेले जामीनपत्र आहे. 'मला विसरणे तुम्हांला कठीण जाईल, म्हणून मी चुकणार नाही. आणि चुकलो तर सापडेन,' एवढे ज्याला म्हणता येते त्याने खुशाल ६ लाख भरावेत. त्याच्या पैशांविषयी मला काही म्हणायचे नाही. ज्याला ते म्हणता येत नाही, त्याने फुकट मिळालेला नंबर लावलेला बरा.

आता मोटारींना नवी पाटी आली आहे. ॲल्युमिनियमची, कोपऱ्यात चक्राचे चित्र असलेली, ठसा मारलेल्या आकड्यांची, आणि एकदा बसवली की न मोडता निघणार नाही अशी. नव्या वाहनांना ती १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली आणि आपल्या राज्यातल्या जुन्या वाहनांना ती बसवून घेण्याची धावपळ २०२५ साली घरोघर झाली. या पाटीवर चाराचा 'द' होत नाही. दादा तिथून उठला आणि काही ठिकाणी मागच्या काचेवर जाऊन बसला. बसू दे. काचेवर त्याने काय लिहावे हा पुढचा प्रश्न. निदान खालचे चार आकडे पुन्हा परक्यांचे झाले आहेत.

पाटीवरच्या ज्या भागासाठी कुणी पैसे मोजत नाही, त्याची मात्र मला मौज वाटते. परमुलुखात, अहमदाबादच्या किंवा हैदराबादच्या गर्दीत उभे असताना समोरून 'एमएच ०९' अशी मोटार गेली की कोल्हापूरच्या माणसाचा ऊर कसा भरून येतो, ते पाहावे. साताऱ्याच्या माणसाला ११ दिसला, नाशिककराला १५ दिसला की तसेच होते. ओळख ना देख, पण हात हलवावासा वाटतो. हा आकडा कुणी निवडलेला नसतो, तो त्या भागातल्या सगळ्यांचा सारखाच असतो. ज्याच्यासाठी लाखो रुपये मोजले तो आकडा आपल्याला लोकांपासून वेगळे काढतो, आणि जो फुकट मिळाला तो परक्या शहरात आपल्याला आपले माणूस मिळवून देतो.

आकड्याला स्वतःचे काही नसते, हे क्रिकेटच्या वेडाने आमच्या मुलांनाही कळते. १० या आकड्यात सचिन तेंडुलकर येण्यापूर्वी काय होते? एक दशक, एवढेच. २०१७ साली श्रीलंकेच्या दौऱ्यात आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरने १० क्रमांकाचा सदरा घातला, तोही जन्मतारखेची बेरीज तशी येते म्हणून. तर लोक केवढे हळहळले! पुढे त्याने ५४ हा आकडा घेतला आणि त्यावर स्वतःच्या हिमतीने बळी मिळवले. आकडा माणसाला मोठे करत नाही; माणूस आकड्याला करतो, आणि त्याला बरीच वर्षे उन्हात उभे राहावे लागते.

पहिल्या स्थानाचीच हौस असेल तर आपल्याकडे तिचाही एक दाखला आहे. पंढरपूरला विठोबाच्या देवळात शिरताना महाद्वारात पहिली पायरी लागते ती नामदेवांची. संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली, अशी आपली श्रद्धा आहे. नंबर पहिलाच, पण पायाखालचा. इतकी शतके गेली, तरी त्या पायरीवर पाय न देता वाकून पुढे जाणारी माणसे रोज येतात.

आपल्याला नामदेव होता येणार नाही. पाडव्याला घरी नवी मोटार आली तर तिच्या नंबराचे दोन दिवस कौतुक होणारच, शेजाऱ्यांना पेढे देताना तो सांगितलाही जाणार. खुशाल सांगावा. पूजा करावी, चाकाखाली लिंबू ठेवावे, झेंडूचा भरघोस हार घालावा. फक्त हार बांधताना तो जरा वर बांधावा. पाटी झाकली जाऊ नये. ती आपली नाही. रस्त्याने पायी चालणाऱ्या कुणातरी अनोळखी माणसाची आहे, आणि त्याने ती मोठ्या विश्वासाने आपल्या मोटारीवर लावू दिली आहे.